नाम्हेवालीचं पाणी

सोमवारच्या बैठकीत नामगुंग मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला, भिंतीवरच्या आलेखाकडे एकदा नीट बघितलं आणि विचारलं, "का गं उन-सोल, तुझ्या बेटावरचं पाणी वादळाला लाजतं का? वादळ येऊन गेलं, की दुसऱ्या दिवशी हळूच वर चढतंय."

खोलीतले सगळे हसले. बांग उन-सोलही हसली, कारण मॅडम विनोद करतात तेव्हा हसायचं असतं. पण आधी हसवायचं आणि मग सुरा काढायचा, ही मॅडमची रीत त्या प्रयोगशाळेत झाडू मारायला येणाऱ्या काकूंनाही ठाऊक होती.

"वह्यांतली ही शेवटची सात वर्षं बघ, सुतासारखी सरळ," मॅडमनी बोट दाखवलं. "म्हणजे नावाड्याची म्हातारी नीट लिहिते. आणि आधीची चोवीस वर्षं नुसती खिचडी. म्हातारा झोपेत लिहायचा बहुतेक. चोवीस वर्षं वाया गेली तर उरलेल्या सातांवर प्रबंध होत नाही. शुक्रवारपर्यंत बघ. नाही जुळलं तर वह्या परत पाठव आणि उपग्रहाची आकडेवारी घे. तयार आहे, स्वच्छ आहे. विषयाशी काही लग्न लागलेलं नाही तुझं."

लग्न लागलं नव्हतं हे खरं, पण उन-सोलचा जीव त्या वह्यांवर जडला होता आणि ते सगळ्या मजल्याला माहीत होतं.

वह्या होत्या एकतीस. पश्चिम किनाऱ्यापलीकडे सोमुकदो म्हणून चाळीस घरांचं बेट आहे. तिथल्या धक्क्याला बावीस दगडी पायऱ्या. प्यो नावाचा नावाडी रोज सकाळच्या भरतीला किती पायऱ्या कोरड्या राहिल्या ते लिहून ठेवायचा, कारण होडीतून उतरणाऱ्यांसाठी फळी कुठे टाकायची ते त्यावर ठरायचं. दर पंधरवड्याला एक पान. सात वर्षांपूर्वी तो वारला, तेव्हापासून त्याची बायको लिहीत आली. मधे त्या बेटासमोर सरकारनं समुद्र अडवून मोठा बांध घातला. बांधाआधी तिथं पाणी किती चढायचं आणि नंतर किती, हे साऱ्या कोरियात कुणीही मोजलेलं नव्हतं. ते फक्त त्या वह्यांत होतं. उन-सोल वसंतात बेटावर गेली तेव्हा म्हातारीनं वह्या कापडात बांधून दिल्या, वर भाजलेल्या समुद्री शेवाळाचा गठ्ठा दिला आणि म्हणाली, "आमच्या माणसाच्या आहेत, जपून ने." आता त्याच म्हातारीला फोन करून काय सांगायचं? तुमचा माणूस चोवीस वर्षं झोपेत लिहीत होता म्हणून?

अडचण तारखांची होती. प्योच्या वह्यांत कॅलेंडरची तारीख नाहीच. समुद्राकाठची माणसं दिवस पाण्यानं मोजतात: आज पाचवं पाणी, उद्या सहावं. पाणी चढत चढत उधाणाला जातं, मग उतरत उतरत भांगाला येतं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तिथवर ठीक. पण पश्चिम किनाऱ्यावर अमावास्येचा दिवस सातवं पाणी असतो आणि दक्षिण किनाऱ्यावर आठवं. का, ते विचारू नका. दोन्हीकडची माणसं शेकडो वर्षं एकमेकांना वेड्यात काढत आली आहेत आणि मासे दोन्हीकडे मिळतात.

उन-सोल दक्षिणेची. म्हणजे जन्मानं नव्हे, जन्मली ती समुद्रापासून दूर डोंगरात, सफरचंदांच्या गावात. दक्षिणेची झाली ती कॉलेजमुळे. मार्क जेमतेम, म्हणून दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहानशा मत्स्य महाविद्यालयात नाव घातलं, आणि तिथे तिच्या वाट्याला आले गुक मास्तर. जन्मभर बोटीवर तांडेल म्हणून राबलेला माणूस, निवृत्तीनंतर पोरांना शिकवायला आणलेला. सरावाच्या बोटीवर रोज न्याहारीआधी फळ्यावर तीन गोष्टी लिहायच्या: सरकारी तारीख, चांद्र तिथी आणि पाणी. चुकला त्यानं दिवसभर बोटीच्या बुडाचे शिंपले खरवडायचे. उन-सोलनं पहिल्या महिन्यात इतके शिंपले खरवडले की बोटांची सालं गेली. चार वर्षांनी मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी पाणी सांगेल, अशी तयार झाली. आठाच्या मोजणीनं, अर्थात.

मग सोलला आली. मुलाखतीत कुणीतरी विचारलं, "मत्स्य कॉलेजात काय शिकवतात, जाळी विणायला?" ते तिनं गिळलं. पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेच्या फळ्यावर तिनं सवयीनं तारखेखाली पाणी लिहिलं. अमावास्या होती, तिनं 'आठवं' लिहिलं. सोक सुंग-ग्यू म्हणून तिच्या दोन वर्षं पुढचा, म्हणजे तिचा सन्बे होता, नावाजलेल्या विद्यापीठाचा, भौतिकशास्त्रातला. त्यानं पाहिलं आणि चहा नाकातून येईस्तोवर हसला. "बांग, इथं पश्चिम किनाऱ्याचं काम चालतं. तुमच्या दक्षिणेत पाणीसुद्धा वाढवून सांगता की काय?"

नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्या दिवशी तिनं कानाला खडा लावला. फळ्यावर पाणी लिहिणं बंद. गुक मास्तरांचा विषय बंद. कुठून शिकलीस असं कुणी विचारलं तर "दक्षिणेत, एका ठिकाणी" एवढंच. आणि वह्यांच्या तारखा उलगडायची वेळ आली तेव्हा तिनं एकूण एक पान सातानं, म्हणजे अमावास्येला सातवं पाणी धरून, उलगडलं. बेट पश्चिमेचं, मोजणी पश्चिमेची. आपण किती सोलच्या झालो, याचा तिला तेव्हा अभिमानच वाटला होता.

मंगळवार डोकेफोडीत गेला. बुधवारी सकाळी तिनं बेटाच्या गावप्रमुखाला फोन लावला. एका मोठ्या वादळाचं पान होतं. वहीत लिहिलं होतं 'दहावं पाणी, एकही पायरी कोरडी नाही, होडी वर ओढली.' सरकारी नोंदीत ते वादळ आदल्या दिवशीचं. त्या माणसाला आठवतंय का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"मला काय विचारतेस?" गावप्रमुख म्हणाला. पाठीमागे जनरेटर घरघरत होता. "मी तेव्हा सैन्यात होतो. नाम्हेवालीला विचार की."

"कोण नाम्हेवाली?"

"अगं, प्यो नावाड्याची बायको. वसंतात तिच्याकडेच जेवलीस ना पोटभर?"

उन-सोलच्या हातातलं पेन थांबलं. बेटांवर लग्न होऊन आलेल्या बाईला नावानं कुणी हाक मारत नाही. ज्या गावची मुलगी, त्या गावची 'वाली' म्हणून ती मरेपर्यंत ओळखली जाते. उन-सोलनं तिला दोन दिवस हाल्मोनी, हाल्मोनी म्हटलं, आजीला म्हणतात तसं, आणि तिचं माहेर कुठलं हे विचारायचं सुचलंही नाही. आणि नाम्हे म्हणजे दक्षिण. गुक मास्तरांची बोट आठवड्यातून तीनदा नाम्हेला वळसा घालायची.

"काका," तिनं शक्य तितक्या सावकाश विचारलं, "प्यो आजोबा होते तेव्हासुद्धा वह्या ती लिहायची?"

"मग? तो होडीत असला की ती, ती शिंपल्यांना गेली की तो. एक पंधरवडा याचा, एक तिचा, जमेल तसं. का गं? काय झालं?"

"काही नाही काका, खूप झालं," असं काहीतरी बोलून तिनं फोन ठेवला आणि खुर्ची मागे पडली तरी उचलली नाही.

वह्यांचे फोटो उघडले. एका पंधरवड्याचं अक्षर ठसठशीत, पेन कागदात रुतलेलं. दुसऱ्याचं बारीक, ताठ. हे तिनं आधीही शंभरदा पाहिलं होतं आणि होडीत लिहिलेलं वेगळं, घरी लिहिलेलं वेगळं, अशी स्वतःची समजूत घातली होती. शेवटच्या सात वर्षांत सगळं बारीकच होतं. मग आधीचं बारीक अक्षर कुणाचं, हा प्रश्न पोरीला पडायला नको होता? स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी नाचावंसंही वाटलं. नाम्हेची बाई तिच्या पाण्यानं लिहीत होती आणि बेटाचा नावाडी त्याच्या पाण्यानं, एकाच वहीत, एकाच घरात. तिची पानं सातानं उलगडली की बरोबर एक दिवस पुढे सरकतात. वादळ एक दिवस उशिरा. झोपेत कुणीच लिहीत नव्हतं.

सोक-सन्बे शेजारच्या खोलीत किंबाप खात बसला होता. उन-सोलनं त्याला सगळं एका दमात सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"पुन्हा सांग. हळू."

तिनं पुन्हा सांगितलं.

"आयला," तो म्हणाला. मग त्याचे कान लाल झाले. "त्या दिवशी मी उगाच हसलो होतो."

"ते राहू दे सन्बे. मी आत्ता बारीक अक्षराची पानं आठानं उलगडते, बघ कसं—"

"हात लावू नकोस," सोकनं किंबापची ताटली बाजूला सारली. "तुला आलेख पाठ आहे. कुठलं पान कुठे सरकवलं की जुळतं हे तुला माहितीय. तू अक्षरं निवडलीस तर मॅडम एका वाक्यात झोपवतील. आमच्याकडे पहिल्या वर्षाला एक म्हातारे सर होते, ते प्रयोगाचं उत्तर पाकिटात बंद करून टेबलावर ठेवायचे. आधीच पाकीट फोडलंस की प्रयोग नापास. मी फार शिव्या घातल्यात त्यांना. दे इकडे पानं. आकडे झाकून दे, नुसतं अक्षर दिसलं पाहिजे. मी निवडतो. शुक्रवारी सगळ्यांसमोर एकदाच चालवू. जे येईल ते."

"आणि चुकीचं आलं तर?"

"तर उपग्रह. फार वाईट नसतो उपग्रह."

सातशे चव्वेचाळीस पानं. सोक बुधवारी दुपारपासून गुरुवारी संध्याकाळपर्यंत दोन ढिगाऱ्यांत टाकत राहिला: ठसठशीत, बारीक, ठसठशीत. उन-सोल दारातून डोकावायची आणि तो "चल, निघ" म्हणायचा. तिला ना भूक, ना चैन. डोंगरातल्या गावी आईला फोन केला आणि म्हणाली, "आई, बहुतेक जमलं." आईनं विचारलं काय जमलं, तर तिला सांगताच येईना, नुसती हसत सुटली. आईला वाटलं मुलगा बघितला पोरीनं.

शुक्रवारी मॅडम पहिल्या रांगेत बसल्या. उन-सोलनं नाम्हेवाली सांगितली, सात आणि आठ सांगितलं. आणि इतके दिवस दाबून ठेवलेले गुक मास्तर, शिंपले खरवडण्यासकट, सगळ्या मजल्यासमोर बाहेर आले. कुणी हसलं नाही. उलट मॅडमनी विचारलं, "चार वर्षं रोज?"

"रोज. न्याहारीआधी."

"पण लग्न होऊन बेटावर आली, तिथं मुलंबाळं झाली, तरी मोजणी माहेरचीच?"

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं.

"चालव," मॅडम म्हणाल्या.

सोकनं बटण दाबलं. पडद्यावर पहिलं वर्ष आलं, दुसरं आलं. बघता बघता चोवीस वर्षांची खिचडी अशी सुटी झाली की मागच्या बाकावर कुणीतरी टाळी वाजवली. ते मोठं वादळ आपल्या दिवशी जाऊन बसलं. त्याच्या आधीचं बसलं. बांध घातल्याच्या वर्षी पाण्यानं टप्पकन पायरीभर उडी घेतली होती, इतकी स्वच्छ की शेंबडं पोरही दाखवेल. तीच उडी उन-सोलला दोन वर्षं हवी होती. तिचे डोळे भरून आले आणि ते तिनं लपवलंही नाही.

तेवढ्यात शेवटची सात वर्षं आली, आणि ती पार विस्कटली.

आनंदाच्या भरात माणसाला पुढचा खड्डा दिसत नाही म्हणतात ते हेच. सोमवारी जी सात वर्षं सुतासारखी होती, ती आता एक दिवस आधी, वादळाच्या आदल्या दिवशी चढत होती. सात वर्षं सगळं बारीक अक्षर. सोकनं नियमाप्रमाणे सगळं आठात टाकलं होतं. आणि आठानं ती जुळत नव्हती.

"म्हणजे," मॅडम सावकाश म्हणाल्या, "जुळत होतं तेही बिघडवलंस."

"ती सात वर्षं सातानंच जुळतात," सोक मधे पडला.

"हो ना. जिथं सातानं जुळतं तिथं सात, जिथं आठानं जुळतं तिथं आठ. असंच करायचं असेल तर मी तुम्हाला पंचांगातून शेअर बाजारसुद्धा जुळवून देते." मॅडमच्या आवाजात आता हसू नव्हतं. "बारीक अक्षर म्हणजे आठ, हा तुझा नियम. तो सात वर्षं मोडतोय. एक तर नियम चूक, नाही तर कारण दे."

सात वर्षांपूर्वी नावाडी वारला, एवढंच उन-सोलला माहीत होतं, आणि नावाडी वारल्यानं समुद्राची मोजणी का बदलावी?

"म्हातारी फोन उचलते का?" मॅडमनी विचारलं.

"उचलते."

"लाव. स्पीकरवर. आणि काही सुचवायचं नाहीस तिला. एकच प्रश्न." मॅडम उठल्या, फळ्यावर त्यांनी आजची तिथी लिहिली, चांद्र बारावी, आणि खाली दोन आकडे: पश्चिमेचं तीन, दक्षिणेचं चार. "चार म्हणाली तर तुझी सात वर्षं कशानं बिघडली ते देव जाणे, विषय बंद. तीन म्हणाली तर मी ऐकायला तयार आहे."

घंटी बराच वेळ वाजली. मग पलीकडून आवाज आला, "कोण?"

"हाल्मोनी, मी उन-सोल. सोलची."

"जेवलीस का?"

"जेवले हाल्मोनी." जेवली नव्हती. "एक विचारायचं होतं. आज कितवं पाणी?"

"आज ना?" म्हातारीनं क्षणभरही विचार केला नाही. "तिसरं."

सोकनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मॅडमनी मान डोलावली आणि उन-सोलला खुणेनं सांगितलं, आता विचार.

"हाल्मोनी, तुम्ही तर नाम्हेच्या. नाम्हेत आज चौथं."

"चौथंच आहे," म्हातारी फटकन म्हणाली. "मी कुठं नाही म्हणते? जन्मभर चौथंच म्हटलं. तो तिसरं म्हणायचा, मी चौथं लिहायची, मुद्दाम लिहायची, आणि तो वही उघडली की बडबडत बसायचा दुपारपर्यंत. भांगाच्या दिवशी तेवढा दोघांचा हिशोब एक यायचा, तेव्हा घर शांत."

"मग आता तिसरं का लिहिता?"

पलीकडे थोडा वेळ भांड्याचा आवाज आला.

"आता चौथं लिहिलं तर बडबडणार कोण? तू?" म्हातारी म्हणाली. "तो गेला त्या दिवसापासून त्याचंच लिहिते. वही उघडली की त्याचं पाणी दिसतं. माझं मला ठाऊक आहे, ते लिहायला कशाला हवं?"

सोकनं नावाड्याच्या मृत्यूची तारीख टाकली, त्यानंतरची सात वर्षं सातात फिरवली आणि बटण दाबलं. एकतीस वर्षं एका ओळीत बसली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "विषय हाच," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या मुलाखतीत जाळ्यांचा विनोद कुणी केला तर गाठ माझ्याशी आहे. तुझ्या तांडेल मास्तरांचा पत्ता मला दे."

"काय गं, गप्प का झालीस?" स्पीकरमधून म्हातारी ओरडली. "वहीत काही चुकलंय का?"

"नाही हाल्मोनी," उन-सोल एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. "एकही दिवस चुकलेला नाही. बरोबर निघाल्या वह्या. सगळ्या."

"कुणाचं बरोबर निघालं? माझं की त्याचं?"

"दोघांचं."

"वा गं वा. इतकी शिकलीस आणि एवढं कळत नाही? दोघांचं एकदम बरोबर कसं असेल?" म्हातारी म्हणाली. "मी नुसती लिहिते त्याचं. पाणी आज चौथंच आहे."